सरलेलं आणि लागलेलं

“काकी, टाका बारीक घाला, पण आकडा ठसठशीत येऊ द्या. बाजारातनं जाणाऱ्याला लांबनं दिसला पायजे.”

सारिका हे म्हणाली तेव्हा माझ्या मांडीवर माझ्याच लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा वीतभर तुकडा होता आणि त्यावर तिनं खडूनं चौदाचा आकडा काढून दिला होता. श्रावण होता. देवळाच्या सभामंडपात आम्ही पंधरा-वीस बायका गोल करून बसलो होतो. मी गुरवाची सून. मंडप झाडायचा, समया घासायच्या, रोज एकशे आठ वाती वळायच्या, पोथीचा एक अध्याय वाचायचा, असा माझा दिवस जायचा. वाकळ शिवायला मला सासूबाईंनी शिकवलं होतं, म्हणून बायकांनी मला मधोमध बसवलं होतं. नाही तर चार माणसांत पुढं बसणं माझ्या स्वभावात नाही.

ती वाकळ अंथरायची नव्हती, पांघरायचीही नव्हती. तालुक्याच्या महिला संस्थेतल्या मीनलताई पंधरा दिवसांतून एकदा आमच्या गावी यायच्या. त्यांनीच ते काढलं होतं. प्रत्येकीनं आपल्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा आणायचा, लग्नात आपलं वय किती होतं तो आकडा त्यावर दोऱ्यानं घालायचा आणि सगळे तुकडे एका वाकळीवर जोडून ती चैत्रातल्या जत्रेत बाजाराच्या तोंडाशी टांगायची. नाव नाही, आडनाव नाही, नुसता आकडा.

“लहान मुलींची लग्नं लावू नका म्हणून मी दहा वर्षं भाषणं करतेय,” मीनलताई म्हणाल्या. “माझं कुणी ऐकत नाही. तुमची वाकळ बघतील.”

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. गोदाआजी म्हणाली, “माझं ल्ह्या, मला तेरावं लागलं हुतं.”

मीनलताईंनी सारिकाला सांगितलं, “तेरा काढ.”

“अवो ताई, तेरा कुठनं?” गोदाआजी कावली. “तेरावं लागलं म्हंजे बाराच की! शिकल्याली माणसं तुमी आन् एवढं कळंना व्हय?”

“आजीला त्यातलं बी सांगाया लावू नका,” तिच्या सुनेनं टोमणा मारला. “दुष्काळात कवातरी झालं म्हणत्यात. दुष्काळ काय एक हुता?”

“तुझं तरी धड सांग. तुझा बा म्हणला हुता सतरा. मांडवात बघती तर नवरीचा अजून एक दात पडल्याला!”

सगळ्या हसल्या. मग एकेकीचं निघालं. कुणाला पंधरावं लागलेलं, कुणाला सोळावं. आमच्याकडं वय तसंच सांगतात. पंधरा वर्षं पुरी झाली, सोळावं चालू झालं, की सोळावं लागलं. मीनलताई गोंधळल्या. तेव्हा मी बोलले. मी बोलले की बायका गप्प बसायच्या, कारण मी फार बोलायची नाही.

“सरलेलं घालायचं,” मी म्हणाले. “लागलेलं धरायचं नाही. जेवढी वर्षं सरली तेवढीच आपली.”

तो नियम माझाच. सारिकानं तो खडूनं मंडपाच्या खांबावर लिहून ठेवला आणि मी तिला रागावून पुसायला लावला.

वाकळीच्या मधली एक चौकट मीनलताईंनी कोरी ठेवली होती. म्हणाल्या, “या गावातली जी पहिली मुलगी अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोहल्यावर चढेल, तिच्या शालूचा तुकडा इथं. त्यावर आकडा नको. फूल घालायचं.”

“ती माझी,” सारिका लगेच म्हणाली. “काकी, ही जागा कुणाला देऊ नका. बारावी झाली की मी नर्सिंगला जाणार, मग नोकरी, मग लगीन. तवर तुमचं डोळं नीट ठिवा.”

“आणि फूल कसलं घालू?”

“कण्हेरीचं. देवळामागं हाय तसलं. पण अठरा सरल्याशिवाय घालायचं न्हाई हां. शब्द द्या.”

“दिला,” मी म्हणाले.

सारिका किती वर्षांची ते मला तिच्या आईइतकंच ठाऊक होतं. ती जन्मली त्या दिवशी ऋषिपंचमी होती आणि मला कडक उपास होता. आमच्या शेजारचंच घर. तिच्या आईला, शालनला, अवेळी कळा आल्या, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. सासूबाईंनी बाळ सोडवलं आणि मी कंदील धरून उभी होते. पोरगी रडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पंचांगात खूण करून ठेव. मी केली. त्या वर्षीच्या ऋषिपंचमीला तिला सतरा सरली, अठरावं लागलं.

दसरा झाला आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा टेम्पो चालवायचा, घरी शेती होती. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. बारावीची परीक्षा त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी होती.

एका दुपारी मी वाती वळत बसले होते. सारिका आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“काकी, मी शाळेतनं फोन केलाय. त्या मुलींसाठी नंबर असतो त्यावर. ग्रामसेवक भाऊसाहेब चौकशीला येणार हायत.”

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. “आईला माहीत आहे?”

“न्हाई. वडील म्हणत्यात शाळेतला दाखला चुकीचा हाय, मास्तरांनी अंदाजानं तारीख घातली. जन्माची नोंदच न्हाई गावात. मग भाऊसाहेब कुणाला विचारतील? तुम्हालाच. तुम्ही हुता ना मी झाले तवा.” तिनं खांब सोडला. “तुम्ही खरं सांगाल ना, काकी?”

“मी खोटं बोलत नाही, सारिका. तुला ठाऊक आहे.”

ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या यांचं मोठं आजारपण निभावलं त्या वर्षी मी देवापुढं नेम धरला होता. खोटं बोलायचं नाही, आणि तोंडून गेलंच तर त्या दिवशी अन्नाला शिवायचं नाही. बांधाच्या भांडणात, कोंबडीच्या चोरीत लोक मला विचारायला यायचे. मला त्याचा अभिमान नव्हता असं म्हटलं तर तेही खोटंच होईल.

“मग झालं,” सारिका म्हणाली. जाताना तिनं माझ्या वळलेल्या वाती मोजून ठेवल्या. ब्याण्णव झाल्या होत्या. “सोळा ऱ्हायल्या,” म्हणाली आणि गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. सकाळी शालन देवळात आली. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. मला वाटलं देवाला अक्षत ठेवायला आली असेल. तिनं देवाकडं पाहिलंच नाही. सरळ माझ्या पायाशी बसली.

“काकी, भाऊसाहेब यायला लागलाय. कुणीतरी कागाळी केली.”

मी तिला उठवायला वाकले, पण ती हलली नाही.

“हळद लागल्याली पोरगी हाय माझी. मांडव मोडला तर तिला कोण करंल? धाकटीला कोण करंल? तिच्या बाचा कसा सोभाव हाय ते तुमाला सांगाया नको. त्यो माझा जीव ठिवंल का?”

“शालन, मला खोटं बोलता येणार नाही.”

“मी कुठं खोटं बोला म्हणती?” तिनं डोळे पुसले आणि हळद गालाला लागली. “तुमचा नेम मोडला तर मला पाप लागंल. तुमी निस्तं म्हणा, अठरावं लागलंय. एवढंच म्हणा. ते खरं हाय का न्हाई?”

मी समईची वात पुढं सारली.

“सांगा की, काकी. खरं हाय का न्हाई?”

“खरं आहे,” मी म्हणाले.

“मग?”

तिच्या त्या ‘मग’ला माझ्याकडं उत्तर होतं. सभामंडपात वीस बायकांना मीच ते शिकवलं होतं. पण शालनचे पिवळे हात माझ्या पायावर होते, आणि मी मनात हिशेब केला. मार्गशीर्ष ते भाद्रपद, नऊ महिने. नऊ महिन्यांनी असं काय बदलणार होतं? पोरगी सुखाच्या घरात पडत होती. मी शालनला उठवलं आणि तिच्या गालाची हळद पदरानं पुसली.

भाऊसाहेब अकराच्या सुमाराला आले. नवीनच बदलून आलेले, शहरगावचे, घामाघूम झालेले. शालनच्या दारात मांडवाखाली त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. सारिकाचे वडील विलास हात बांधून उभे होते. सारिका उंबऱ्याच्या आत होती, हळदीच्या साडीत.

“मुलीला विचारतो,” भाऊसाहेब म्हणाले. “काय गं, वय किती तुझं?”

सारिकानं वडिलांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आजही मला तेच आठवतं, तिला जरासुद्धा भीती वाटत नव्हती.

“काकींना विचारा,” ती म्हणाली. “मी झाले तवा काकी तिथं हुत्या. काकी खोटं बोलत न्हाईत.”

“हो, ऐकलंय मी,” भाऊसाहेब माझ्याकडं वळले. “काकी, तुम्ही सांगाल ते लिहितो. अठराची आहे ना मुलगी?”

मी पदर डोक्यावर ओढला.

“अठरावं लागलंय, भाऊसाहेब.”

त्यांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. एवढ्या वेळात मला पुढचे तीन शब्द म्हणता आले असते. ‘अजून सरलं नाही.’ मी ते म्हटले नाहीत. मांडवाच्या डहाळ्यांवर एक भुंगा गुणगुणत होता, तो मी ऐकत होते.

“म्हणजे अठरा,” भाऊसाहेब म्हणाले आणि लिहिलं. त्यांना फरक कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता, हे मला अजून माहीत नाही.

मी उंबऱ्याकडं पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी जेवले. नेम मोडला नव्हता ना.

लग्न झालं, सारिका गेली. माघात मीनलताई आल्या त्या हसतच. “काकी, मधली चौकट भरायची वेळ आली म्हणे! मी तर घाबरले होते, तक्रार झाली म्हणून. पण भाऊसाहेबांचा कागद पाहिला. अठरा पूर्ण. तुमचीच साक्ष आहे त्यावर.”

शालननं शालूचा तुकडा आधीच देऊन ठेवला होता. डाळिंबी रंगाचा, जरीची किनार असलेला. बायका माझ्याकडं पाहत होत्या. गोदाआजी सुईत दोरा ओवायला सारिकाला शोधल्यासारखी इकडंतिकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण गुरवकाकीच्या तोंडून गेलेला शब्द खोडायचा कसा?

“घाला फूल, काकी,” मीनलताई म्हणाल्या. “तुमच्याच हातचं पाहिजे.”

मी घातलं. कण्हेरीचं, पाच पाकळ्यांचं. नेम जिभेचा होता, हाताचा नव्हता. असं मी स्वतःला म्हणाले की नाही आठवत नाही, पण हात थांबला नाही एवढं खरं. फक्त एक झालं. सासूबाईंची रीत होती, वाकळीच्या शेवटच्या तुकड्याखाली तांदळाचे चार दाणे टाकायचे. वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणायच्या. मी पदराला दाणे बांधून नेले होते. ते टाकायला मात्र बोटं धजली नाहीत. घरी येऊन मी ते चिमण्यांना टाकले.

जत्रेत वाकळ टांगली आणि लोक खरोखरच थांबले. बारा, चौदा, अकरा, पंधरा. गडीमाणसं आकडे वाचायची आणि मग आपल्या बायकांकडं न बघता पुढं जायची. एक म्हातारा आपल्या म्हातारीच्या लुगड्याचा तुकडा ओळखून तिथंच मटकन खाली बसला. मीनलताई येईल त्याला मधलं फूल दाखवत होत्या. “हे बघा. याच गावात झालंय. जमतं.”

सारिका पहिल्या खेपेला माहेरी आली होती. बारावीची परीक्षा होऊन गेली होती. ती बसली नव्हती. शालनच्या मागून ती आली, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा. वाकळीपुढं उभी राहिली. मी बाजूलाच होते. तिनं बोट पुढं केलं आणि फुलाच्या पाकळ्यांवरून फिरवलं, एकेका पाकळीवरून, सावकाश.

“टाका बारीक आलाय, काकी,” म्हणाली.

आणि गेली. पुढं पंधरा वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माहेरी यायची, देवाला यायची, नारळ ठेवायची. मी अंगारा पुढं केला की हात पुढं करायची. बोलायची नाही. मी माझे नेम करत राहिले. वाती वळल्या, पोथ्या वाचल्या. खोटं बोलले नाही.

वाकळ मीनलताईंनी तालुक्याला नेली. संस्थेच्या कार्यालयात भिंतीला लावली आहे. आमच्या गावात नंतर खरंच काही मुली अठरा सरल्यावर बोहल्यावर चढल्या. त्या फुलाकडं पाहून चढल्या, असं मीनलताई म्हणतात. मी ऐकून घेते.

यंदा कार्तिक लागला आणि शालन वारली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मंडप झाडत होते. सारिका आली आणि पायरीवर बसली. केसांत पांढरं दिसत होतं. मी केरसुणी बाजूला ठेवली.

“बसा, काकी.”

मी बसले, तिच्यापासून हातभर लांब.

“आईनं शेवटाला सगळं सांगितलं,” ती म्हणाली. “हळदीच्या दिवशी ती हितं आलेली ते. तो शब्द तिचा हुता. मला इतकी वर्षं वाटायचं तुम्हीच शोधून काढला.”

“बोलले तर मीच.”

“व्हय.” तिनं पदराला हात पुसले. “मी दवाखान्यात कामाला हाय, माहीत असंल तुम्हाला. फरशी पुसायची, बेडपॅन काढायचं. समदी मावशी म्हणत्यात. वॉर्डात कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की अजून माझी मान वळती. मागनं पोरी हसत्यात.”

मी पायरीवरचा केर हातानं गोळा करत राहिले.

“मी तुम्हाला बोल लावाया आले न्हाई,” ती म्हणाली. “नवरा वाईट न्हाई. पोरं शिकत्यात. पोरगीला मी एकच शिकवलंय, कुणी वय विचारलं तर सरल्यालं सांगायचं.” मग ती माझ्याकडं वळली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. “शब्द आईचा हुता, काकी. पण फूल तुमचं हुतं. तुम्ही मला शब्द दिलेला. अठरा सरल्याशिवाय घालायचं न्हाई म्हणून.”

“हो.”

“हाय का अजून ते?”

“आहे.”

ती उठली. पदर सारखा केला. पायरीवरची तिची चप्पल उलटी पडली होती, ती मी सरळ करून ठेवली. तिनं नको म्हटलं नाही.

“उसवते मी,” मी म्हणाले.

“आकडा ठसठशीत घाला,” ती म्हणाली. बस, एवढंच.

मी आज-उद्या करत राहिले. मीनलताईंना काय सांगायचं, त्या फुलाकडं पाहून थांबलेल्या मुलींना काय वाटेल, गावात काय बोलतील. असा कार्तिक गेला. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे उठून न्हाले, देवापुढं दिवा लावला. वाती वळायला घेतल्या आणि तशाच बाजूला ठेवल्या. पिशवीत सुई, कात्री, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि जुनं पंचांग घातलं. चष्मा पुसून घेतला. तांदळाचे चार दाणे पदराच्या टोकाला बांधले.

यांनी चहाचा कप पुढं केला. मी नको म्हणाले. “भाकरीही टाकली नाही,” मी सांगितलं, “शेजारी सांगितली आहे तुमच्यापुरती.”

“आज कुठला उपास?” यांनी विचारलं. “गुरुवारी तर तू रात्री सोडतेस, दिवसा चहा घेतेस.”

“जुना आहे,” मी म्हणाले. “करायचा राहिला होता.”

तालुक्याची पहिली गाडी सातला सुटते. मी दार ओढून घेतलं आणि देवळामागच्या वाटेनं निघाले. कण्हेर फुललेली होती. तिच्याकडं न पाहता मी पाऊल उचललं.